येते म्हण

१

आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. जाणाऱ्याने 'येते' म्हणायचं आणि राहणाऱ्याने 'ये' म्हणायचं, असा हा उलटा व्यवहार आहे. शुभाच्या नागपूरच्या घरी त्यात सूट नव्हती. कॉलेजला उशीर झाला म्हणून एक पाय चपलेत घालता घालता तिच्या तोंडून 'आई, जाते गं' निसटलंच, तर आई असेल तिथून ओरडायची, "जाते नको म्हणू वो. येते म्हण." मग शुभा येते म्हणायची, आई ये म्हणायची, आणि त्यानंतरच फाटक उघडायचं.

लग्न होऊन ती पेन्सिल्वेनियात स्टेट कॉलेजला आली, तेव्हा नागपूरचं बरंच काही मागे राहिलं. केदार पुण्याचा. 'करून राहिली', 'येऊन राहिली' या तिच्या बोलण्याला तो सुरुवातीला इतका हसला की तिने ते सोडूनच दिलं. 'येते' मात्र सुटलं नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच. लेकीला, अनिकाला, बोलता यायला लागल्यापासून शुभाने तिलाही तेच वळण लावलं. शेजाऱ्यांकडून निघताना येते म्हण, लायब्ररीतून निघताना येते म्हण, पार्कातल्या झोक्यालासुद्धा येते म्हण.

"डेंटिस्टला तरी नको म्हणायला लावू यार," केदार म्हणायचा. "खरंच परत जावं लागेल."

अनिका आता पाच वर्षांची होती. मराठी समजायची, उत्तर इंग्रजीतच द्यायची. एकदा तिने विचारलं, "बट व्हाय? आपण तर गोइंग आहोत ना?"

"कारण येते म्हटलं की परत यावंच लागतं," शुभा म्हणाली. मुलांना कारणं सांगताना आपण फार विचार करत नाही.

त्या फेब्रुवारीत शुभाची आई गेली. दुखणं आठवडाभराचंच होतं. शुभाने तिकीट काढलं होतं. पण २००४ साल होतं ते. देशाबाहेर पडलं की परतीच्या व्हिसाचा शिक्का कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. केदारच्या लॅबमधला एक जण चेन्नईत कित्येक महिने अडकून पडला होता, आणि केदारचा थीसिस तोंडावर आलेला. दोघं रात्रभर बोलले आणि सकाळी केदारने तिकीट कॅन्सल केलं. शुभानेच कर म्हटलं होतं.

एरवी रात्री, म्हणजे नागपूरच्या सकाळी, आईशी बोलताना फोनमधून एक आवाज सतत यायचा. आई बोलता बोलता मेथी निवडत असायची. देठ तुटण्याचा तो बारीक कट्, कट्. फोनकार्डाची मिनिटं संपत आली की शुभा म्हणायची, ठेव आता भाजी, नीट बोल. शेवटच्या फोनात तो आवाज नव्हता. नुसता श्वास होता, आणि मग आई म्हणाली होती, "कधी येऊन राहिली तू?" शुभा म्हणाली होती, "येते आई. येतेच."

नागपूरहून भावाचा, संजयदादाचा फोन आला तेव्हा ती भात लावत होती. तिने भात लावला, वाढला, भांडी घासली. तिला रडू आलं नाही, आणि ते न येण्याचंच तिला फार वाईट वाटत राहिलं.

२

मे महिन्यात केदारने तिला घराबाहेर काढायचं ठरवलं. तासाभराच्या अंतरावर एक जुना मॅनर होता, कोल्टर हाउस. पूर्वी लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या मालकाचं दगडी घर, मागे औषधी वनस्पतींची बाग. वसंतात ती लोकांना बघायला उघडी असायची. मॅपक्वेस्टचे छापील कागद मांडीवर घेऊन शुभा रस्ता सांगत होती, आणि मागे अनिका खिडकीबाहेरच्या गाई मोजत होती.

"दीडशे वर्षांचं घर म्हणे, हिस्टॉरिक," गाडीतून उतरताना केदार म्हणाला. "आमच्या पुण्याच्या नळाला याहून जुना गंज आहे."

बाग मात्र त्यालाही आवडली. विटांच्या पायवाटा, त्यांच्यामध्ये चौकोनी वाफे, प्रत्येक झुडपापाशी लाकडी पाटी. शुभा बी.फार्म. झालेली. नवऱ्याच्या व्हिसावर काम करायची मुभा नव्हती म्हणून ती विद्या नुसती पडून होती. आज पाट्या वाचताना तिला कितीतरी दिवसांनी आपण शिकलेली बाई आहोत असं वाटलं. थाइम तिने बोटांत चुरडलं, तर त्याला ओव्याचा वास आला. अनिकाला हुंगायला दिलं, तर ती म्हणाली, "पिझ्झा."

कोपऱ्यातल्या वाफ्यात निळसर हिरव्या, बारीक पानांचं एक झुडूप होतं. पाटीवर नाव होतं 'रू'. शुभाने पाटी वाचायच्या आधीच ते ओळखलं होतं. तो सताप होता. नागपूरच्या घरी मागच्या दारात डालड्याच्या डब्यात लावलेला. अनिकाच्या जन्माआधी आईने फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, तिकडं सताप मिळतो का बघ, बाळाच्या उशाशी ठेवायला लागतो. तेव्हा तो मिळाला नव्हता.

शुभाने दोन पानं खुडून उजव्या हाताच्या बोटांत चुरडली. तो उग्र, कडवट वास आला आणि तिला मागच्या दाराची पायरी आठवली, आणि पायरीवर बसलेली आई. तिथे वाफ्यापाशी उभं राहून ती रडली असती, पण अनिका म्हणाली, "ममा, बाथरूम."

केदार बागेत फोटो काढत थांबला. शुभाने अनिकाचं मनगट धरलं आणि ती घराकडे निघाली.

३

दारात मार्था नावाची म्हातारी गाइड होती. जुन्या काळचा लांब झगा, कमरेला एप्रन, डोक्याला पांढरी टोपी. बाथरूम दाखवून झाल्यावर तिने आग्रहच केला, आलाच आहात तर वरचा मजला बघून जा, आज गर्दी नाही.

वरचा मजला थंड होता. जमीन लाकडी, चालताना करकरणारी. दोनतीन खोल्या बघून झाल्या. पलंग, चिनी मातीचं भांडं, पाळणा. बोळाच्या टोकाशी वनस्पती वाळवायची खोली होती. दाराला आडवा जाड दोर बांधलेला, म्हणजे आत जायचं नाही, बाहेरूनच बघायचं. छतापासून वाळत्या जुड्या इतक्या खाली लोंबत होत्या की पलीकडचं नीट दिसत नव्हतं. खिडकीपाशी एक उंच पाठीची लाकडी खुर्ची होती, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. तिची पाठ तेवढी दिसत होती.

आत कुणीतरी काम करत होतं. जुड्यांमागून आवाज येत होता, कट्, कट्. काड्यांवरून पानं काढत असतील, शुभाला वाटलं. काय सुंदर नोकरी आहे, असंही वाटलं.

ती भिंतीवरची माहिती वाचत उभी राहिली. अनिका दोराला पोट टेकवून आत बघत होती. तिच्या वयाची पोरं अशा खोल्यांत कंटाळतात, पण ही गप्प होती. मान थोडी तिरकी, ऐकताना करते तशी.

"चल राणी, बाबा वाट बघतोय."

अनिकाने आत हात हलवला.

तिने हात हलवला म्हणून, आणि केवळ सवय म्हणून, शुभा म्हणाली, "येते म्हण."

"येते," अनिका म्हणाली.

"ये."

जिन्याच्या मध्यावर येईपर्यंत शुभाला त्यात काही वावगं वाटलं नाही. येते म्हटलं की ये ऐकू यायचंच. मग तिला वाटलं, केदार वर आला असेल. खाली आली, दाराबाहेर पडली, तर केदार बागेच्या पार दुसऱ्या टोकाला लव्हेंडरच्या वाफ्यावर वाकला होता. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती एवढीच.

"तू वर आला होतास का रे?" गाडीत तिने विचारलं.

"मी? नाही बाबा. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि परतीचा कागद शोधू लागली.

४

दोन दिवसांनी अनिकाच्या मनगटाला फोड आले. लालसर, पाणी भरलेले, मनगटाभोवती पट्ट्यासारखे.

केदार घाबरला. शुभाला मात्र कारण लगेच सापडलं आणि थोडं बरंच वाटलं. सतापाचा रस कातडीला लागला आणि वर ऊन पडलं की असे फोड येतात. परीक्षेला लिहिलेलं होतं तिने. तिने पानं चुरडली होती, त्याच हाताने अनिकाचं मनगट धरलं होतं, आणि नंतर ती पोर उन्हात खेळली होती. तिने केदारला सगळं समजावून सांगितलं, मलम लावलं आणि वर स्वतःलाच शाबासकी दिली.

संध्याकाळी कांदा चिरताना तिचा हात थांबला. ती उजव्या हाताने पानं चुरडते, उजव्या हाताने मूल धरते. शेजारून चालणाऱ्या मुलीचं तिने डावं मनगट धरायला हवं. तिने डोळे मिटून ते दार, ती पायवाट आठवून पाहिली. डावंच धरलं होतं. अनिकाने उजव्या हातात एक खडा उचलून घेतला होता आणि तो घरात न्यायचा की नाही यावर त्यांची हुज्जत झाली होती.

फोड उजव्या मनगटाला होते.

आपलं आठवणं चुकत असेल, तिने ठरवलं. खडा दुसऱ्या हातात असेल. माणसाला खड्याचं काय आठवतं? तिने कांदा चिरून संपवला.

मग अनिकाचे बूट सुरू झाले. दुपारी शाळेच्या बसमधून उतरली की ती घरात येऊन बूट काढायची नाही. दाराजवळच्या पायपुसण्यावर बसून राहायची, गुडघ्यांवर हात ठेवून.

"खायला ये ना," शुभा म्हणायची.

"आय कान्ट. आय हॅव टु गो."

"कुठे?"

"आय सेड येते."

तिच्यापुढे वरण-भात ठेवला तर ती त्याला बोट लावायची नाही. नूडल्स नकोत, पिझ्झा नको. पोरीचे गाल आठवडाभरात बसले. डॉक्टरांनी घसा बघितला, पोट बघितलं, सगळं नॉर्मल आहे म्हणाले. घरात काही बदल झाला आहे का असं विचारलं, तेव्हा केदारने शुभाकडे पाहिलं आणि सासूबाईंचं सांगितलं. डॉक्टरांनी समजूतदारपणे मान हलवली.

एका दुपारी पायपुसण्यावरून अनिकाने विचारलं, "ममा, व्हॉट इज काहून?"

शुभाच्या हातातलं भांडं ओट्यावर टेकलं. "कुठे ऐकलास हा शब्द?"

"शी सेज दॅट. काहून नाही आली. काहून नाही आली." अनिकाने ते हेल काढून म्हटलं. नागपुरातला, दुपारचा, ओसरीवरचा हेल होता तो. जिला साधं 'पाणी' धड म्हणता यायचं नाही, तिने म्हटला.

शुभाने सगळ्या वाटा तपासून पाहिल्या. ती स्वतः 'का' म्हणायची, केदार 'का' म्हणायचा. राहिला आईचा फोन. पण आई नातीशी फोनवर मराठी बोलायचीच नाही. अमेरिकेची नात म्हणून मोठ्या हौसेने 'हॅलो, हाऊ आर यू, आय ॲम फाइन' करायची, आणि स्वतःच हसायची. कधी मागे दादाला हाक मारताना बोलली असेल. असेलच. पोरं टीपकागद असतात.

"कोण म्हणतं असं?"

"द लेडी. शी इज क्लीनिंग द लीव्हज," अनिका म्हणाली आणि बुटाचा बंद पुन्हा घट्ट केला.

५

शुक्रवारी शुभा तळघरातल्या मशीनमधून कपडे घेऊन वर आली, तर दार उघडं होतं आणि पायपुसणं रिकामं.

ती अनवाणी धावली. कॅम्पसच्या बसचा थांबा चौकापलीकडे होता, मधे चार पदरी रस्ता. अनिका थांब्यावरच्या बाकावर बसली होती, शेजारी एक चिनी विद्यार्थिनी तिला आपल्या डब्यातली द्राक्षं देत होती. मुलगी एकटीच रस्ता ओलांडून आली, असं ती विद्यार्थिनी म्हणाली. आजीकडे जायचंय म्हणते.

शुभाने लेकीला उचललं. ती हाताला इतकी हलकी लागली की शुभाने तिला पुन्हा एकदा नीट सावरून धरलं. आई गेल्याचं दुःख होतं, ते तसंच होतं. पण आता त्याच्यापुढे दुसरी भीती येऊन बसली होती. आपली पोर कुणीतरी थोडी थोडी करून नेत आहे, आणि तिला तो शब्द म्हणायला आपणच लावलं.

संध्याकाळी ती केदारला म्हणाली, "मला तिथे परत जायचंय."

केदार म्हणाला, "शुभा, तू आईंसाठी अजून रडली नाहीस. आणि ती लहान आहे, तिला ते कळतं. दॅट्स ऑल, यार. दुसरं काही नाहीये."

"नसेल. पण तिने येते म्हटलंय आणि ती त्यात अडकलीये. तो शब्द सोडवून आणायचाय."

"आणि सुटला नाही तर?"

"तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जाऊ."

केदार सायन्सचा माणूस होता, पण त्याने पोरीचे बसलेले गाल पाहिले होते. सकाळी तो गाडीत पेट्रोल भरून आला.

६

गाडी कोल्टर हाउसच्या वळणावर येताच अनिकाने सीट बेल्ट काढायला घेतला. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंग आला होता. तो पाहून शुभाला आनंद व्हायला हवा होता, पण तिने मागे वळून तो बेल्ट पुन्हा लावला.

"तिला बागेत घेऊन थांब," ती केदारला म्हणाली. "हात सोडू नकोस. काही झालं तरी सोडू नकोस."

"आय वॉन्ट टु गो अप," अनिका म्हणाली.

"ममा जाऊन येते," शुभा म्हणाली, आणि जीभ चावली.

मार्था दारातच होती. तिने ओळखलं. हसून म्हणाली, आज तुमच्या आई नाही आल्या?

"कोण?"

त्या दिवशी वर नव्हत्या का, तुमच्या मुलीशी बोलत होत्या, मार्था म्हणाली. मी जिन्याखाली होते, मला ऐकू येत होतं. तुमची भाषा कळत नाही, पण कानाला फार गोड लागते. मग शुभाचा चेहरा पाहून ती ओशाळली आणि एप्रनला हात पुसत बाजूला झाली.

त्या खोलीत सध्या कुणी काम करतं का, शुभाने विचारलं. नाही, मार्था म्हणाली, जुड्या ऑगस्टमध्ये उतरवतात. तोवर तिथे कुणी जात नाही.

शुभा जिना चढली. दुपारची वेळ होती, खिडक्यांतून भरपूर ऊन येत होतं. भिंतींचा चुना, कुणाचीशी तसबीर, सगळं स्वच्छ दिसत होतं. एवढ्या उजेडात मन आपल्याला फसवतं तरी कसं, असा विचार करत ती बोळातून चालली. वाटेतच आवाज सुरू झाला. कट्. कट्.

उंदीर असेल. वाळकी लाकडं तडकत असतील. ती दोरापाशी उभी राहिली.

खुर्ची आता दाराकडे तोंड करून होती.

जुड्या लोंबत होत्या, त्यामुळे वरचं काही दिसत नव्हतं. त्यांच्याखाली मांडी दिसत होती, कसल्याशा फिक्या कापडाची, आणि मांडीवर दोन हात. म्हाताऱ्या बाईचे, सुरकुतलेले, कामाची सवय असलेले. एका हातात काडी, दुसऱ्या हाताची बोटं ती खुडत होती. बोटांची टोकं हिरवी झाली होती.

हे हात आईचे आहेत का, हे तिला ओळखता येईना. हेच तिला सर्वांत भयंकर वाटलं. फेब्रुवारीपासून मे, एवढ्यात मुलगी आईचे हात विसरते? की हे तिचे नव्हतेच? बांगड्या नव्हत्या. पण दवाखान्यात बांगड्या काढून ठेवतात. तिने चेहऱ्यासाठी जुड्यांमध्ये पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. कुणाचा का असेना, तिला तो पाहायचा नव्हता.

"अनिका येणार नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून साधा निघाला. "ती लहान आहे. तिला त्याचा अर्थ कळत नाही. मी म्हणायला लावलं म्हणून ती म्हणाली."

कट्. कट्.

"ती येणार नाही. तिचं येते मी परत घेते."

कट्.

आता एकच उरलं होतं. गाडीत सगळ्या रस्ताभर तिने तेच ठरवलं होतं. आयुष्यात मुद्दाम कधी न म्हटलेला शब्द म्हणायचा, पाठ फिरवायची आणि निघायचं. तिने दोर दोन्ही हातांनी धरला.

"आई," ती म्हणाली, "मी जाते."

आवाज थांबला. हात मांडीवर तसेच राहिले, काडी अर्धी खुडलेली.

"जाते नको म्हणू वो," जुड्यांमागून आवाज आला. "येते म्हण."

शुभा दोराला धरून खाली बसली आणि फेब्रुवारीपासून साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती हमसून हमसून रडली. हे वाक्य आईशिवाय तिला कुणी म्हटलं नव्हतं. आणि हे वाक्य तर तिच्या स्वतःच्या डोक्यातही होतं, लहानपणापासून. तिथून कुणीही उचलावं. दोन्ही गोष्टी तिला कळत होत्या, आणि कळून काही उपयोग नव्हता.

"काहून रडून राहिली?" आवाज म्हणाला. आणि मग, अगदी सावकाश, "पोरगी कधी येऊन राहिली?"

शुभा दोर धरून उठली. बोळाच्या खिडकीतून खालची बाग दिसत होती. अनिका दोन्ही पाय विटांत रोवून घराकडे ओढ घेत होती. केदार तिला कमरेला धरून मागे खेचत होता, त्याचा चष्मा पडला होता. पाच वर्षांच्या मुलीत एवढी ताकद कुठून आली, हे त्याच्या चेहऱ्यावर इथूनही वाचता येत होतं. इतक्या ओढाताणीत पोर एका शब्दानेही ओरडत नव्हती.

शुभाने डोळे पुसले. शब्द परत घेता येत नाही, हे तिला आता कळलं. पण एकाच्या वाटचं दुसऱ्याने केलेलं आपल्याकडे चालतं. उपास चालतो, नवस चालतो.

"तिच्या वाटचं मी म्हणते," ती म्हणाली. "तिला सोड. मी येते."

काही ऐकू आलं नाही.

"येते, आई. मी येते."

ते तिने मनापासून म्हटलं. फेब्रुवारीत म्हटलं होतं, त्याहूनही.

"ये," आवाज म्हणाला, आणि पुन्हा पानं खुडली जाऊ लागली.

७

परतीच्या वाटेवर अनिकाला भूक लागली. तिने फ्राइज खाल्ले, केदारचेही खाल्ले, आणि बूट काढून मागच्या सीटवर झोपून गेली. केदार आरशातून तिच्याकडे बघत होता आणि एका हाताने डोळे पुसत होता. "रडलीस ना?" तो शुभाला म्हणाला. "बरं झालं. मी म्हणत होतो ना." शुभाने मान हलवली.

दोन दिवसांनी तिच्या उजव्या मनगटाला फोड आले. केदारला तिने सांगितलं, पुन्हा सतापाला हात लागला असेल. ते बरे झाले, डाग राहिला. दर वर्षी मेमध्ये तो पुन्हा ओला होतो. त्या दिवसांत ती लांब बाह्यांचे कपडे घालते.

केदारची पीएच.डी. झाली, टेक्सासात फ्रिस्कोला नोकरी लागली. मोठं घर झालं, मागे अंगण झालं. पेन्सिल्वेनिया दूर राहिलं. फ्रिस्कोत मराठी माणसं पुष्कळ. अनिका शनिवारच्या मराठी शाळेत जाऊ लागली आणि नऊ वर्षांची होईतो चुरूचुरू मराठी बोलायला लागली. शुभालाही काम करायची मुभा मिळाली, आता ती औषधांच्या दुकानात नोकरी करते. मेथी मात्र ती घरात आणत नाही. केदारने विचारलं तर म्हणते, निवडायला वेळ कुणाला आहे.

परवा पद्मिनीकाकूंकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं. डाळ खाऊन झाली, पन्हं पिऊन झालं. शुभाने पर्स उचलली. "काकू, जाते मी."

"जाते काय म्हणतेस गं," काकू रागावल्या. "एवढी नागपूरची मुलगी तू. दर वेळी तेच. येते म्हणावं."

शुभा हसली आणि बाही खाली ओढली. तिच्यापाशी एकच येते होतं आणि ते देऊन झालं होतं. एका तोंडाने दोन ठिकाणी कसं म्हणायचं?

"आई कधी म्हणतच नाही, काकू," अनिका म्हणाली. मग तिने आईकडे पाहिलं, आणि आपल्याला ते म्हणता येतं याचा तिला मोठा अभिमान होता. "थांब आई. तुझ्या वाटचं मी म्हणते. ये..."

शुभाने तिच्या तोंडावर हात दाबला. एवढ्या जोरात, की कुंकवाची कुयरी खाली पडली आणि बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. अनिकाचे डोळे भरून आले. सगळ्या बघत होत्या, तरी शुभाने हात काढला नाही.

"जाते," ती म्हणाली. "आम्ही दोघीही जातो."